पावणेदोन इंचांचा डबा

उत्तराबाई देवस्थळी गेली चौतीस वर्षं ड्रॉइंग काढत होत्या, आणि त्यांच्या ड्रॉइंगवरून बनलेली एकही वस्तू त्यांनी आजवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्या ड्राफ्ट्समन होत्या. बाई असल्या तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, कारण तो बदलायचा तर आणखी एक फाईल उघडावी लागली असती. विजेच्या पॅनेलांच्या पेट्या, हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट, केबलींसाठी भिंतीत बसवायच्या चौकटी, असलं सगळं त्यांनी काढलं. ड्रॉइंग फायलीत जायचं, फाईल वरच्या मजल्यावर जायची, आणि तिथून पुढे तिचं काय व्हायचं ते देव जाणे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एकदा साहेबांना विचारलं होतं, "सर, मैं एक बार साइट देख आऊँ?" साहेब म्हणाले, "मैडम, वहाँ धूल बहुत है." तो विषय तिथेच संपला.

इतक्या वर्षांत साइटवरून एकदाही कुणाचा फोन आला नव्हता की बाई, तुमचं अमुक भोक चुकलं. दुसरं कुणी असतं तर याचा अभिमान धरून बसलं असतं. उत्तराबाईंना मात्र संशय यायचा. चुकलेलं भोक ते लोक गुपचूप दुसरीकडे पाडत असतील, फटीत पाचर ठोकत असतील आणि वर ऑफिसातल्या बाईला हसत असतील, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता निवृत्तीला पाच आठवडे राहिले होते. आपण कागदावर ओढलेली रेघ पत्र्यात उतरली की बरोबर बसते की नाही, एवढं एकदा कळावं, अशी त्यांची फार इच्छा होती. आणि ते न कळताच घरी बसायची वेळ येऊन ठेपली होती.

अशा वेळी त्यांच्या मुलीनं, मैत्रेयीनं, घरात तो लोखंडी सांगाडा आणला.

मैत्रेयी नोएडातल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करायची. कंपनीनं जुनं सामान काढलं तेव्हा रीतसर विचारून तिनं भिंतीवर टांगायचा एक छोटा रॅक उचलला. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून महिन्याच्या शेवटी मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. तिचे बाबा तिथेच रंगाऱ्यांच्या मानगुटीवर बसून होते. त्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये, दाराच्या वर, हा रॅक लागायचा होता. त्यात वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखी आडवी यंत्रं एकाखाली एक सरकवायची. चार कप्पे होते. तीन भरले होते, शेवटचा रिकामा होता.

"यात काय बसणार?" उत्तराबाईंनी विचारलं.

"राउटर. मी बनवतेय."

"बनवतेस? विकत मिळत नाही?"

"मिळतो ना. पण त्याच्या आत काय चाललंय ते थोडीच कळतं? हा माझा आहे, मी सांगेन तसा वागेल. बघ ना."

तिनं दाखवलं ते शू-रॅकवर वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं होतं: एका जुन्या ऑफिस कॉम्प्युटरचा वीतभर चौरस बोर्ड. त्याला नेटच्या वायरीची दोन सॉकेटं होती. एकातून बाहेरचं नेट आत यायचं, दुसऱ्यातून घरभर जायचं. गेले आठ दिवस घरातलं सगळं नेट या उघड्यावाघड्या बोर्डातून येत होतं आणि उत्तराबाईंना त्याचा पत्ता नव्हता. त्या चष्मा सारखा करून वाकल्या. दोन बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते.

"आत्ता काय चाललंय त्याचं?"

"पाकिटं येतात. प्रत्येकावर पत्ता असतो. हा पत्ता बघतो आणि पुढे ढकलतो. माझ्या लॅपटॉपचं मला, तुझ्या फोनचं तुला."

"म्हणजे आवक-जावक विभाग."

मैत्रेयीला आवक-जावक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिला मराठी येत होती, पण रोजच्या वापराएवढीच. उत्तराबाईंनी सांगितलं, ऑफिसात एक टेबल असतं, आलेलं प्रत्येक पत्र तिथे नोंदलं जातं आणि ज्याचं त्याला पोचतं. मैत्रेयी खूश झाली. "बिल्कुल तेच! एक्झॅक्टली."

"आणि पत्ता चुकला तर?"

"तर टाकून देतो."

"पाठवणाऱ्याला कळवत नाही?"

"कधी कळवतो, कधी नाही. जास्त करून नाही."

हे उत्तर उत्तराबाईंना मुळीच आवडलं नाही. पण त्यांना आणखी विचारायचं होतं आणि त्या विचारत सुटल्या. तो धातूचा कंगवा कशासाठी? गरम होतो म्हणून. पंखा एवढा उंच का? जुनाय म्हणून, चपटा आणायचाय. मग याला डबा कुठेय? इथे मैत्रेयीचा चेहरा पडला. डबाच नव्हता. बाजारात मिळायचे ते या रॅकला खोल व्हायचे. चपटा हवा आणि आखूडही हवा, तर बनवूनच घ्यायला लागणार होता.

"उंची किती मिळेल?"

"एक यू, म्हणजे रॅकचा एक कप्पा. फोर्टी फोर पॉइंट फोर फाइव्ह एमएम."

उत्तराबाईंनी टेबलाच्या खणातून स्टीलची पट्टी आणली, रिकाम्या कप्प्यात उभी धरली आणि इंचांची बाजू वाचली. "पावणेदोन इंच. सरळ पावणेदोन म्हणावं की."

"पावणेदोन म्हणजे वन पॉइंट सेवन फाइव्ह ना?"

"हो गं बाई," उत्तराबाई म्हणाल्या, आणि पट्टी हातात तशीच धरून पुढे म्हणाल्या, "याचं ड्रॉइंग मी काढते."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ड्रॉइंगची फळी खाली आली. ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून ती वर धूळ खात होती. टी-स्क्वेअर सापडला, क्लच पेन्सिलही सापडली; जवळच्या स्टेशनरीवाल्याकडून त्यांनी मोठे कोरे कागद आणले. पुढचे चार दिवस घरात भाजी उशिरा झाली आणि एकदा आमटीत मीठच पडलं नाही. मैत्रेयीनं तक्रार केली नाही, कारण आई इतकी खुशीत तिनं फार दिवसांनी पाहिली होती.

पावणेदोन इंचांत काय काय कोंबायचं होतं, हे बघताना उत्तराबाईंना मजा यायला लागली. खाली पत्र्याची जाडी. त्यावर सहा मिलिमीटरच्या चार खुंट्या, त्यांवर बोर्ड. बोर्डावर मैत्रेयीनं नेहरू प्लेसहून आणलेला चपटा पंखा. वर झाकण, त्याचीही जाडी. डबा कप्प्यात सरकायला हवा, म्हणून वरखाली थोडी मोकळीक. सगळं जाऊन पंखा आणि झाकण यांच्यात साडेतीन मिलिमीटर उरत होते.

"एवढ्यात त्याला श्वास घेता येईल?" त्यांनी मैत्रेयीला विचारलं.

"बाजूनं जाळी दिली तर घेईल."

मग त्यांनी बाजूला जाळीची भोकं काढली. पत्रा वाकवला की वळणावर तो थोडी जागा खातो; तो हिशेब केला. बोर्डाच्या चार भोकांची मापं घेताना त्यांच्या लक्षात आलं की चौकोन सरळ नाही. पुढची दोन भोकं एका रेषेत आहेत, पण मागच्या दोहोंतलं एक दीड बोट पुढे सरकलंय. असं का केलं असेल, हे त्यांनी मुलीला विचारलं. तिला सांगता आलं नाही. उत्तराबाईंनी ते तीनतीनदा मोजून घेतलं. मागच्या भिंतीत, एका बाजूला, वायरींच्या सॉकेटांसाठी खिडकी ठेवली. वर समोरून दिसणारं चित्र, त्याखाली वरून दिसणारं. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं: काढणारी, उत्तरा देवस्थळी. त्याखालची तपासणाऱ्याची जागा रिकामी सोडली. ऑफिसात तिथे दुसराच कुणीतरी सही करायचा, बहुतेक वेळा न बघता.

दिल्लीतल्याच नारायणा भागातल्या इंडस्ट्रियल एरियात मैत्रेयीनं एक पत्र्याचं दुकान शोधलं होतं. काउंटरवर मालकाचा मुलगा बसला होता, गौरव. त्यानं कागद उलगडला आणि तोंडभर हसला. "आंटी जी, हाथ से? आजकल तो कोई हाथ से नहीं बनाता." कौतुक होतं की चेष्टा, ते उत्तराबाईंना कळलं नाही. त्यांना आतली यंत्रं बघायची होती. मान लांब करून त्यांनी पाहिलंही, पण पडद्याच्या पट्ट्यांपलीकडे नुसता निळा उजेड आणि आवाज. गौरवनं मोबाइलवर ड्रॉइंगचा फोटो काढला, आतल्या माणसांना पाठवला आणि कागद परत केला. "शनिवार को ले जाइए."

शनिवारी दोघी जाऊन डबा घेऊन आल्या. काळा रंग दिलेला, पुढे दोन कानांना स्क्रूची भोकं, अगदी पोक्त दिसत होता. मेट्रोच्या तपासणीत बॅग यंत्रातून गेली तेव्हा पलीकडच्या जवानानं विचारलं, "ये क्या है?" उत्तराबाई गडबडीनं म्हणाल्या, "कुछ नहीं, खाली डिब्बा है. बेटी का." पुढचा सगळा प्रवास डबा त्यांच्या मांडीवर होता.

घरी आल्यावर रॅकमध्ये तो लोण्यासारखा सरकला. उत्तराबाईंनी दोनदा आत-बाहेर करून पाहिला. तिसऱ्यांदा करणार, तेवढ्यात मैत्रेयीनं तो हातातून घेतला, बोर्ड आत ठेवला आणि वाकून मागच्या बाजूनं बघायला लागली.

"काय झालं?"

"आई, खिडकी उलट्या बाजूला आहे."

आणि भोकं? पुढची दोन जुळत होती. मागची दोन जुळत नव्हती. सरकलेलं भोक डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे होतं. उत्तराबाईंनी बोर्ड उचलून पुन्हा ठेवला. फिरवून ठेवला. बोर्ड बिचारा काय करणार?

मैत्रेयीनं गौरवला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो भांडला नाही, उलट समजुतीनं बोलला. "ड्रॉइंग में जैसा था वैसा ही बना है जी. टेंशन मत लो, बोर्ड दूसरी साइड खिसका के दो छेद मार लो. सब ऐसे ही करते हैं."

"चलो, ठीक आहे यार," मैत्रेयी आईला म्हणाली. "शेजारच्या अंकलकडे ड्रिल आहे. दोन भोकं, पाच मिनिटांचं काम. खिडकीत ॲडजस्ट होऊन जाईल. कुणाला दिसणारे?"

उत्तराबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि रडण्यासारखं काय झालं, असंही वाटत होतं. सब ऐसे ही करते हैं. म्हणजे चौतीस वर्षं हेच चाललं होतं. त्यांच्या पेट्या येत होत्या, बसत नव्हत्या, आणि कुणीतरी शेजारून ड्रिल आणून पाच मिनिटांत भागवत होतं. कळवत मात्र कुणीच नव्हतं. आधण उकळून अर्धं झालं तेव्हा मैत्रेयीनं येऊन गॅस बंद केला.

"ड्रिल आणू नकोस," उत्तराबाई म्हणाल्या. "मला आधी बघू दे."

"अगं, तुझी चूक थोडीच आहे?"

"तेच बघायचंय."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी डबा पलंगावर घेतला, शेजारी ड्रॉइंग पसरलं आणि पट्टी घेऊन एकेक माप तपासायला लागल्या. कालचं वाईट वाटणं अजून होतंच. पण आता त्याच्यावर कुतूहल चढून बसलं होतं. खिडकीची लांबी बरोबर. उंची बरोबर. भिंतीपासून भोकाचं अंतर, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. जाळीची चाळीस भोकं, चाळीसच्या चाळीस. सगळं बरोबर होतं, फक्त डावं ते उजवं होतं. चुकणारा माणूस इतकं बिनचूक कसं चुकेल?

त्या उठल्या. डबा उचलून लोखंडी कपाटाच्या आरशासमोर गेल्या आणि एका हातात डबा, दुसऱ्या हातात ड्रॉइंग धरून उभ्या राहिल्या. आरशात त्यांचा डबा होता. खिडकी जिथे काढली होती तिथे, सरकलेलं भोक डावीकडे, सगळं कागदावरच्यासारखं. उत्तराबाई कितीतरी वेळ आरशातल्या डब्याकडे बघत राहिल्या.

"मैत्रेयी!" त्यांनी हाक मारली. "अगं, बरोबर आहे! फक्त आरशात बरोबर आहे."

मैत्रेयी आली, तिनंही आरशात पाहिलं आणि म्हणाली, "पण असं कसं होऊ शकतं?"

हा प्रश्न घेऊनच उत्तराबाई सोमवारी ऑफिसात गेल्या. काम असं फारसं नव्हतं. निवृत्त होणाऱ्याला कुणी नवं काम देत नाही. त्यांनी कपाटातून आपलं एक जुनं ड्रॉइंग काढलं, कुठल्याशा पॅनेलच्या पेटीचं, आणि आपलं घरचं त्याच्या शेजारी ठेवलं. वर समोरचं चित्र, खाली वरून दिसणारं. इथेही तसंच, तिथेही तसंच. मापं तशीच, अक्षर तेच. मग त्यांची नजर उजव्या कोपऱ्यात गेली. ऑफिसच्या कागदावर त्यांच्या नावाशेजारी एक छोटी खूण छापलेली होती: एक आडवा पडलेला पेला आणि त्याच्या पुढे दोन गोल, एकात एक.

घरच्या कागदावर ती नव्हती.

चित्रं कुठल्या पद्धतीनं मांडली आहेत, ते सांगणारी ही खूण. आपल्या सरकारी पद्धतीत वस्तू वरून कशी दिसते, ते समोरच्या चित्राच्या खाली काढतात. दुसरीही एक पद्धत आहे, तिच्यात खाली जे काढलं ते खालून दिसणारं असतं. खूण नसेल तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? उत्तराबाईंनी डबा वरून दाखवला होता. दुकानवाल्यांनी तो खालून दाखवलाय असं धरलं आणि पत्रा उलट्या अंगाला वाकवला. शिकताना हे सगळं त्यांनी घोकून पाठ केलं होतं. पण नोकरीत ती खूण कागदावर छापूनच यायची. पुढे कॉम्प्युटर आला तर त्यातल्या कोऱ्या पानावरही ती आधीच असायची. चौतीस वर्षांत ती स्वतःच्या हातानं काढायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती, आणि घरच्या कोऱ्या कागदावर काहीतरी राहिलंय, हे त्यांना जाणवलंसुद्धा नव्हतं.

चूक त्यांचीच होती. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण उत्तराबाईंना हसू आलं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "क्या हुआ मैडम?" त्या म्हणाल्या, "कल मेरी छुट्टी लगा दीजिए."

मंगळवारी सकाळी त्या एकट्याच नारायणाला गेल्या. बोर्ड बरोबर नेला होता, त्यामुळे घरातलं नेट बंद पडलं होतं आणि मैत्रेयीनं दारातच बजावलं होतं, "आई, दोन वाजता माझी मीटिंग आहे, प्लीज."

गौरवनं डबा पाहिला आणि पुन्हा ड्रिलची गोष्ट काढली. उत्तराबाई म्हणाल्या, "मुझे अंदर जाना है. जिसने मोड़ा है उससे मिलना है."

"अंदर धूल बहुत है आंटी जी."

"मालूम है," उत्तराबाई म्हणाल्या आणि पडद्याच्या पट्ट्या बाजूला सारून आत गेल्या.

पत्रा वाकवणाऱ्याचं नाव विश्वनाथ. साठीला टेकलेला, कानावर पेन्सिल, नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा. उत्तराबाईंनी त्याच्यासमोर डबा आणि ड्रॉइंग ठेवलं आणि विचारलं, हे तुम्ही कसं वाचलंत ते मला सांगा. असा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारला नसावा. त्यानं आधी हात पुसले. मग कागद पाहिला, पहिल्यांदाच पुरा पाहिला, कारण त्याच्याकडे नुसता फोनवरचा फोटो आला होता.

"इसपे गिलास-थाली नहीं है," तो म्हणाला.

उत्तराबाईंनी कागदावरून मान वर केली. "आप पहचानते हैं?"

"पहले सरकारी पैनल का काम बहुत आता था इधर. कोने में निशान रहता था. पहले गिलास, फिर थाली, तो एक तरफ़ मोड़ो. पहले थाली, फिर गिलास, तो दूसरी तरफ़. आपके में कुछ था नहीं, तो हमने आजकल वाला हिसाब लगा लिया."

हीच संधी होती. ती पॅनेलं कुठल्या खात्याची होती, ते विचारायचं उत्तराबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याहून जुना प्रश्न आधी बाहेर पडला.

"उन पैनलों में... बाद में ड्रिल चलानी पड़ती थी?"

विश्वनाथला खोटं बोलायची गरज नव्हती. "कभी-कभी. सबमें नहीं मैडम, ज़्यादातर तो सीधे बैठ जाते थे. किसी-किसी में लगता था कि यहाँ लिखने वाले से कुछ छूट गया है, पूछ लें. पर पूछते किससे? काग़ज़ पे नाम रहता था. फ़ोन नंबर तो नहीं रहता था."

बरोबर बसत होतं, बहुतेक वेळा. चुकायचं तेव्हा विचारावं, असं वाकवणाऱ्यांच्या मनात यायचं. हसत कुणीच नव्हतं. एवढी वर्षं त्या ज्यांना मनातल्या मनात घाबरल्या, ते लोक कानावर पेन्सिल लावून, हातात कागद घेऊन, कुणाला विचारावं ते न कळून उभे होते.

त्यांनी विश्वनाथच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेला काढला. पेल्याचं अरुंद टोक कुठल्या अंगाला, ते चटकन आठवेना. विश्वनाथनं बोट ठेवून दाखवलं. मग थाळी काढली. मग आपल्या नावाखाली, ठळक आकड्यांत, मोबाइलचा नंबर लिहिला.

नवा पत्रा कापून यायला अर्धा तास लागला. उत्तराबाई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या: यंत्राचा हा दात कशासाठी, पत्रा इथे तडकत कसा नाही, जाडी मोजता की हातानं कळते? विश्वनाथ कामाच्या नादात उत्तरं देत होता. शेवटी त्यानं सपाट पत्रा यंत्राच्या तोंडात सरकवला, रेघ दातावर आणली आणि पायडलवर पाय ठेवून थांबला.

"किधर मैडम? ऊपर?"

"ऊपर," उत्तराबाई म्हणाल्या, आणि तळहातानं दाखवलंही.

पत्रा त्यांच्या रेघेवर उभा राहिला. आधी मागची भिंत, मग दोन्ही बाजूंच्या, मग पुढचे कान. रंग द्यायचा होता, तो नंतर देता येणार होता. त्यांनी पिशवीतून बोर्ड काढून विश्वनाथला दिला. त्यानं तो आत ठेवला, खिडकीतून सॉकेटं बाहेर डोकावली, आणि चार स्क्रू एकामागोमाग एक सरळ खाली गेले. "बैठ गया," तो म्हणाला आणि लगेच पुढच्या कामाकडे वळला. उत्तराबाई मात्र चारही स्क्रूंवरून एकेकदा बोट फिरवून आल्या.

झाकण जेवणानंतर करून ठेवतो, उद्या कुणालातरी पाठवा, असं ठरलं. ड्रॉइंग त्यासाठी तिथेच ठेवलं. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून उत्तराबाई नारायणा विहारच्या स्टेशनात शिरल्या तेव्हा सव्वा वाजला होता, आणि 'आई कुठेस' असे मैत्रेयीचे दोन मेसेज येऊन पडले होते.

तपासणीच्या यंत्रातून पिशवी बाहेर आली आणि जवानानं ती बाजूला घेतली. पडद्यावर त्याला लोखंड, वायरी आणि पंखा दिसला असणार. "मैडम, ये क्या है? खोल के दिखाइए."

मागे रांग होती. उत्तराबाईंनी वर्तमानपत्र सोडलं आणि उघडा डबा टेबलावर ठेवला. "राउटर है," त्या म्हणाल्या. "मैंने बनाया है."

"आपने?" जवान वाकून बघायला लागला. "ये सब?"

"ड्रॉइंग मेरा है. वही तो. ये देखिए, ये वाला छेद थोड़ा आगे है, सबको लगता है ग़लत है, लेकिन..."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्यांनी उचलला. पलीकडे यंत्राचा खडखडाट होता, आणि त्या खडखडाटात मोठ्यानं बोलणारा विश्वनाथ.

"मैडम, वो ढक्कन वाला. जाली के पास एक लाइन है, उसपे मोड़ना है कि काटना है? समझ में नहीं आ रहा, तो सोचा पूछ लें."

मागच्या माणसानं "चलो जी, चलो" म्हटलं. जवानानं डबा उचलून त्यांच्याकडे सरकवला. उत्तराबाईंनी हातानंच दोघांना थांबवलं, आणि चौतीस वर्षं मनात धरून ठेवलेलं वाक्य शेवटी त्यांच्या तोंडून आलं.

"एक मिनट," त्या म्हणाल्या. "साइट से फ़ोन है."